मदत हवी आहे: शिसं उतरलेल्या काळ्या जमिनीत बायोचार आणि मोहरी एकत्र चालेल का?

बांधावरचा
जमीन ४ गुंठे, पुणे जिल्हा, काळी, पाणी विहिरीचं. शेजारी जुन्या बॅटऱ्या फोडायची शेड होती, आता बंद आहे. ० ते १५ सेंमी थराचा अहवाल: सामू (पीएच) ८.१, एकूण शिसं ४२० मिग्रॅ/किलो, डीटीपीए या रसायनाने निघणारं (म्हणजे मुळांना मिळू शकणारं) शिसं ३८, कॅडमियम २.१, जस्त ३१०. पऱ्हाट्या (कपाशीच्या काड्या) भरपूर मिळतात. बेत असा की बायोचार (कमी हवेत जाळून केलेला कोळसा) मिसळायचा, वर मोहरी घ्यायची, ती शिसं ओढेल आणि २-३ वर्षांत भाजीपाला सुरू करता येईल.
बायोचार गुंठ्याला किती टाकू? मोहरीच्या किती फेऱ्या लागतील? कापलेल्या मोहरीचं काय करायचं?

काळीमाती
बेतातच एक गाठ आहे. बायोचार शिसं धरून ठेवतो, म्हणजे मुळांना मिळू देत नाही. मोहरीने ते ओढावं अशी तुमची इच्छा. दोन्ही एकाच वाफ्यात केलंत तर बायोचार जितका चांगला, तितकी मोहरी रिकामी. शिसं काढायचं की जागच्या जागी बांधायचं, हे आधी ठरवा.

काढायचं म्हटलं तर हिशेब असा. एक गुंठा म्हणजे १०१ चौ.मी., १५ सेंमी थर, घनता १.३ धरली तर साधारण २० टन माती. ४२० च्या हिशेबाने त्यात ८.४ किलो शिसं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये घराच्या अंगणासाठीची तपासणी-पातळी ४०० वरून २०० वर आणली. तिथवर यायचं तर गुंठ्यातून ४.४ किलो काढावं लागेल. मोहरीचा वाळलेला पाला-काड्या गुंठ्याला ५० किलो आणि त्यात शिसं १०० मिग्रॅ/किलो धरा (सामू ८.१ ला हे सढळ हाताने धरलंय). एका पिकात ५ ग्रॅम निघतं. ८८० पिकं. वर्षाला दोन घेतलीत तरी ४४० वर्षं.

ईडीटीए (मातीतले धातू सुटे करणारं रसायन) टाकलं की मोहरीत शिसं झपाट्याने चढतं, हे खरं. पण मातीतून सुटलेलं शिसं सगळं मुळांना सापडत नाही. उरलेलं पाण्याबरोबर खाली जातं, आणि खाली तुमची विहीर आहे. त्या वाटेला जाऊ नका. आर्सेनिक ओढणाऱ्या नेच्याचं नावही ऐकलं असेल. तो शिशावर उपयोगाचा नाही.

बांधावरचा
८८० पाहून मोहरी सोडली. मग बांधायचंच. बायोचार किती?

राखेआधी
वजनाच्या २ टक्के म्हटलं तर गुंठ्याला ४०० किलो, चार गुंठ्यांना १६०० किलो. पऱ्हाट्यांचा बायोचार वाळलेल्या वजनाच्या पाव हिस्सा मिळाला तरी खूप, म्हणजे किमान साडेसहा टन पऱ्हाट्या. एवढं जाळण्याआधी कुंड्यांत तपासा.

कारण बायोचारचा निम्मा गुण सामू वाढवण्यात असतो. कोकणातल्या ५.५ सामूच्या जांभ्या मातीत तो लगेच दिसतो. तुमची माती आधीच ८.१ आहे, तिथे ती मदत शून्य. उलट पऱ्हाटीच्या बायोचारचा सामू ९-१० असतो, पहिल्या पिकात लोह-जस्त कमी पडून पानं पिवळी पडतात. तुमच्याकडे शेण किंवा कोंबडीखत मिसळून केलेला बायोचार जास्त उपयोगी, कारण त्यातलं फॉस्फेट शिशाला घट्ट बांधतं.

कुंड्या अशा: प्रत्येकी ५ किलो वाळलेली, चाळलेली माती. बायोचार ०, ५० आणि १०० ग्रॅम, प्रत्येकी तीन कुंड्या. ओल सारखी ठेवून चार आठवडे मुरू द्या, डीटीपीए पुन्हा काढा, मग पालक लावून पानांतलं शिसं तपासा. कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची) पालेभाजीची मर्यादा ओल्या वजनावर ०.३ मिग्रॅ/किलो आहे; ती पालक वगळून आहे, पण तुलनेला धरा.

भट्टी: वर दीड मीटर रुंद, ७५ सेंमी खोल, खाली निमुळता खड्डा. जाळ वरून लावा. काड्यांवर पांढरी राखेची साय धरली की पुढचा थर टाका, आधी नाही. आधी टाकलात तर धूर होतो, उशीर झाला तर राख. शेवटी भरपूर पाण्याने विझवा. कोळसा बोटांत चोळून साध्या पाण्याने हात धुवा. काळेपणा निघाला तर पक्का, साबण लागला तर आत डांबर राहिलंय, तो टाकू नका. ओला असतानाच २ मिमीपर्यंत कुटा (कोरडा कुटलात तर धूळ नाकात जाते) आणि शेणकाल्यात दोन आठवडे भिजवा, नाहीतर तो नत्र खातो. प्लायवूड, रंगवलेलं लाकूड भट्टीत नको.

काळीमाती
फॉस्फेट आणि सामू वाढवण्याआधी एक तपासणी राहिलीय: आर्सेनिक आणि अँटिमनी. बॅटरीच्या जाळ्यांच्या शिशात दोन्ही मिसळलेले असतात, आणि वाढलेल्या सामूत, फॉस्फेटच्या सोबत आर्सेनिक सुटतं. शिसं बांधताना ते मोकळं करून ठेवाल.

नमुनेही पुन्हा घ्या. बॅटरीतलं आम्ल सांडलेल्या जागी सामू ५ ही निघेल. तिथे शिसं सैल असतं, आणि ८.१ ची सरासरी ते झाकते. शेडकडच्या पट्ट्याचे वेगळे, वरच्या २ सेंमीचा वेगळा (धूळ तिथूनच उडते, मुलांच्या तोंडात तीच जाते), आणि लांबच्या न बिघडलेल्या काळ्या जमिनीचा एक. बेसाल्टच्या मातीत तांबं, निकेल मुळातच जास्त असतं, त्यामुळे तुलना हवी. माती गॅल्वनाइज्ड घमेल्यात गोळा केली असेल तर ३१० जस्तावर विसंबू नका. प्लास्टिकची बादली वापरा.

राखेआधी
शेडकडच्या पट्ट्यावर वाळा लावा. ओळी १ मीटरवर, रोपं ३० सेंमीवर, पावसाच्या सुरुवातीला. तो शिसं मुख्यतः मुळांत अडकवतो आणि माती वाहू देत नाही. कापलेला पाला गुरांना नको, कंपोस्टमध्ये नको, चुलीतही नको. त्याच पट्ट्यावर आच्छादन म्हणून पसरा. भाजीसाठी ४० सेंमी उंच वाफे, बाहेरून आणलेली तपासलेली माती, तळाला जाड जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड). जमिनीत थेट काही लावायचंच झालं तर वांगी, भेंडी. पालक, मुळा, बीट नाही.

बांधावरचा
वाळ्याच्या मुळ्या नंतर विकता येतील का? माठात टाकायला मागणी असते.

राखेआधी
नाही. त्या पट्ट्यातल्या मुळ्या उपटायच्याच नाहीत. शिसं तिथेच अडकवलंय, आणि माठातलं पाणी माणसं पितात.