वांगाची ट्यूब मेडिकलवाले चिठ्ठीशिवाय कशी काय देतात?

गालावरचं_ऊन: डिलिव्हरीनंतर दोन्ही गालांवर वांग आले. जाऊबाईंनी एक ट्यूब सांगितली, मेडिकलमध्ये नुसतं नाव घेतलं की मिळते. पंधरा दिवसांत चेहरा इतका उजळला की सासूबाई पण विचारायला लागल्या काय लावतेस गं म्हणून. मग काय, सात महिने लावली. आता एक रात्र चुकली तरी गाल लालबुंद, पोळी भाजताना गॅसची झळ सहन होत नाही आणि हनुवटीवर लव आलीय ती वेगळीच. काल ट्यूब पहिल्यांदा नीट वाचली, लाल चौकटीत लिहिलंय डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये. मग मला एकदाही कोणी विचारलं कसं नाही? कायदा बियदा आहे की नाही?

काउंटरच्या_आतून: ताई, तीन नावं असतील बघा, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. शेवटचं स्टिरॉइड आहे, पटकन गोरं दिसतं ते बरंचसं त्याच्यामुळे. कायदा आहे हो. शेड्यूल एच म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांची यादी, पूर्वी तिच्यात बाहेरून लावायच्या औषधांना सूट होती, मार्च २०१८ मध्ये केंद्राने १४ स्टिरॉइड क्रीम नावानिशी त्या यादीत टाकली. पण खरं सांगू का, मी नाही म्हटलं की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं आणि तिथे मिळते. एकट्याने नियम पाळून होतं काय, धंदा जातो.

त्वचावाली: धंद्याचं पटतं पण चेहरे आमच्याकडे येतात ना दादा! याला टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस, म्हणजे स्टिरॉइड क्रीमने बिघडलेला चेहरा, असं नावच आहे, ओपीडीत रोज दिसतो. तरी सरसकट बंदी घाला म्हणणाऱ्यांशी मी भांडते, कारण असं तीन औषधांचं मिश्रण क्लिगमन नावाच्या त्वचातज्ज्ञाने १९७५ मध्येच सुचवलं होतं आणि वांगावर ते चालतं, फक्त काही आठवडे, लक्ष ठेवून. सात महिने नाही. ताई, मनाने काही करू नका, ट्यूब घेऊनच स्किनच्या डॉक्टरांकडे जा, बाळ अंगावर पितं का तेही सांगा. आणि सनस्क्रीन रंगाचं घ्या, आयर्न ऑक्साइडवालं, साध्याने वांगाला पुरेसा आडोसा होत नाही.

वऱ्हाडी_ठेचा: ट्यूबवर निदान नाव तरी छापलेलं असते. आमच्या अकोल्यात मायलेकी तिघींच्या किडन्या बिघडल्या होत्या, २०२३ मध्ये बातमी आलती. पार्लरवालीनं दिलेली क्रीम, मुंबईच्या केईएममध्ये तपासली तं पारा निघाला. पारा मेलॅनिन, म्हणजे कातडीचा रंग, बनूच देत नाही म्हणून माणूस उजळते, अन् तो कातडीतून आत जाते. कॉस्मेटिक्स रूल्स २०२० मध्ये चेहऱ्याच्या क्रीमला मुद्दाम पारा टाकताच येत नाही, चुकून आला तरी दहा लाखांत एक भाग. पण डबीवर ना पत्ता ना बॅच नंबर, औषध प्रशासनाचे एफडीएवाले धरतीन कोणाले?

गालावरचं_ऊन: बाळ पितं अजून. शनिवारची अपॉइंटमेंट मिळालीय, ट्यूब आत्ताच पर्समध्ये टाकली. जाऊबाईंना कसं सांगू ते कळत नाहीये, त्यांची तिसरी ट्यूब चालू आहे आणि परवा त्यांच्याकडे साखरपुडा.