जबड्याची भीती आणि हाडांचं औषध

ताई, सासूबाईंचा टी-स्कोअर (हाडांच्या घनतेचा आकडा) उणे ३.१ म्हणजे हाडं फार ठिसूळ, एक मणका आधीच दबलेला, आणि जबडा सडतो म्हणून घरात हाडांचं औषधच नको म्हणताहेत, असं तुम्ही लिहिलंय. बेळगावात शहापूरला माझं औषधांचं दुकान आहे, ही भीती काउंटरवर नेहमी ऐकतो. जबड्याचा त्रास खरा, पण ठिसूळ हाडांसाठी देतात त्या मात्रेत फार दुर्मिळ. कॅन्सरसाठी मोठे डोस घेणाऱ्यांत तो जास्त दिसतो. सासूबाई मशेरी लावत असतील तर मात्र दात आधी दाखवा, काढायचे ते आधीच काढून घ्या.

आठवड्याची अ‍ॅलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅम ही हाडांची गोळी स्वस्त आणि चांगली. अडचण आपल्या सकाळची. डोळे उघडले की चहा हवा! ही गोळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. मग अर्धा तास ना चहा, ना आडवं होणं, नाहीतर अन्ननलिकेला जखम होऊ शकते. हे जमणार नसेल तर झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं वर्षातून एकदा सलाईन बरं. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी येऊ शकते. सलाईनआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासायचंच.

दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन देताना मला धास्ती वाटते. खानापूरकडची माणसं सुगीत तारीख विसरतात, आणि ते मध्येच सुटलं तर मणके एकामागून एक मोडू शकतात. थांबवायचंच तर लगेच दुसरं औषध लागतं. मणका दबलाय, म्हणून टेरिपॅराटाइड या नवं हाड घडवणाऱ्या इंजेक्शनबद्दलही डॉक्टरांना विचारा. रोज टोचावं लागतं, महागही आहे. नाचणीची आंबील चालू ठेवा, पण तेवढ्यावर भागणार नाही. या औषधांवर असताना क्वचित मांडीचं हाड तडकू शकतं, म्हणून पुढे कधी मांडी किंवा जांघ दुखू लागली तर वात समजून तेल चोळत बसू नका, एक्स-रे काढा.