बाबांच्या रिपोर्टमध्ये १३क्यू डिलीशन, तिथे म्हणे कामाचा जीनच नाही, मग कॅन्सर कसा?

भटकी_मांजर:
नमस्कार मंडळी. बाबांना (वय ६९) सीएलएल (क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, एक ब्लड कॅन्सर) निघालंय, रुटीन सीबीसीत पांढऱ्या पेशी ३८ हजार आल्या म्हणून पुढचं सगळं झालं, आता फिश टेस्टचा (पेशींतल्या क्रोमोसोमचे बिघाड शोधतात ती) रिपोर्ट हातात आलाय त्यात १३क्यू१४ डिलीशन, म्हणजे १३व्या क्रोमोसोमचा एक तुकडा उडालेला, ७१ टक्के पेशींत, बाकी ११क्यू, १७पी आणि ट्रायसोमी १२ हे क्रोमोसोमचे दुसरे बिघाड सगळे निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले सध्या औषध नाही, तीन महिन्यांनी सीबीसी घेऊन या, आणि मागे एवढी रांग होती की पुढचं काही विचारलंच गेलं नाही. घरी येऊन वाचत बसले तर कळलं की जो तुकडा उडालाय त्यात प्रोटीन बनवणारा कामाचा असा जीन नाहीच, दोन मायक्रोआरएनए (स्वतः प्रोटीन न बनवणारे छोटे आरएनए) आहेत फक्त. मी कॉमर्सवाली बाई, मला सांगा एवढुसे आरएनए गेले म्हणून ब्लड कॅन्सर होतो? आणि एका लॅबवाल्याने व्हॉट्सअ‍ॅपवर "मायक्रोआरएनए पॅनेल" पाठवलंय, १८ हजार रुपये, रक्तावरून कॅन्सर वाढतोय का ते सांगतो म्हणे. करावं का?

सांगलीचा_हळद्या:
ताई आधी घाबरू नका. माझ्या सासऱ्यांचं पण १३क्यूच आहे, बरीच वर्षं नुसती तपासणी चाललीय, शेतावर जातात, भांडतात, सगळं नॉर्मल. सायन्सचं इथले जाणकार सांगतील, १८ हजार मात्र खिशातच ठेवा.

पिपेटवाला:
लॅबमध्ये आरएनएवरच काम करतो म्हणून जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.
आधी बाबांचं. फिशमध्ये १३व्या क्रोमोसोमच्या त्या जागेवर चमकणारा प्रोब चिकटवतात, नॉर्मल पेशीत दोन ठिपके दिसायला हवेत, बाबांच्या शंभरातल्या ७१ पेशींत तसे दिसले नाहीत, बहुतेक एकच दिसला. हे सीएलएलमधलं सगळ्यात कॉमन डिलीशन, निम्म्याहून जास्त पेशंटमध्ये सापडतं. २००० साली जर्मनीतून एक मोठा अभ्यास आला होता त्यात फक्त १३क्यू असलेल्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे पेशंट त्याहून जास्त जगले) १३३ महिने होतं आणि १७पी गेलेल्यांचं ३२, आणि हे जुन्या केमोच्या काळातले आकडे बरं का, आता औषधं खूप पुढे गेलीत.
आता तुमचा खरा प्रश्न. हा तुकडा उडतो हे माहीत असूनही लोक वर्षानुवर्षं तिथे कॅन्सर रोखणारा जीन शोधत होते आणि हाती काही लागेना, कारण सगळे प्रोटीनवाला जीन शोधत होते. २००२ मध्ये कॅन्सर संशोधक कार्लो क्रोचे यांच्या ग्रुपमधल्या जॉर्ज कालिन वगैरेंनी दाखवलं की नेमक्या त्याच जागी मिर-१५ए आणि मिर-१६-१ हे दोन मायक्रोआरएनए बसलेत आणि साधारण ६८ टक्के सीएलएल पेशंटमध्ये ते एकतर गेलेत नाहीतर कमी झालेत. मायक्रोआरएनए आणि कॅन्सर हा संबंध पहिल्यांदा जुळला तो इथे. मायक्रोआरएनए ही मुळात १९९३ला एका मिलीमीटरभर किड्यात सापडलेली गंमत, अँब्रोस आणि रुवकुन यांना २०२४चं नोबेल त्याचंच मिळालं, माणसाच्या कॅन्सरशी तिचा काही संबंध असेल असं तेव्हा कोणाच्या गावीही नव्हतं.
हे आरएनए असतात जेमतेम २२ अक्षरांचे. सुरुवातीला लांब धागा असतो, ड्रोशा नावाचं एन्झाइम तो ७०एक अक्षरांपर्यंत छाटतं, मग न्यूक्लियसबाहेर डायसर आणखी छाटतो, उरलेला तुकडा आर्गोनॉट प्रोटीनमध्ये जाऊन बसतो आणि दुसऱ्या जीनच्या मेसेंजर आरएनएवर (प्रोटीन बनवायचा मेसेज) जुळणारी जागा दिसली की त्याला धरतो, मग त्या मेसेजपासून प्रोटीन कमी बनतं. पूर्ण बंद नाही हो, कमी. जुळायला मुख्यतः दुसऱ्या ते आठव्या अक्षरापर्यंतचा भाग लागतो, त्यामुळे एकच मायक्रोआरएनए शेकडो मेसेजेसवर लक्ष ठेवू शकतो. मिर-१५/१६ ज्यांना दाबतात त्यातलं एक बीसीएल२ हे प्रोटीन, जे पेशीला मरू देत नाही. ब्रेक गेला, बीसीएल२ वाढलं, ज्या बी पेशींनी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वेळेवर मरायला हवं त्या मरत नाहीत आणि साठत जातात. सीएलएल बहुतेकांत संथ वाढतो तो अशा साठण्यानेच बराचसा. व्हेनेटोक्लॅक्स गोळी ऐकली असेल, ती थेट बीसीएल२वरच बसते, २०१६ला अमेरिकेत सीएलएलसाठी मंजूर झाली ती १७पी गेलेल्या पेशंटसाठी.
पण एवढ्यानेच कॅन्सर झाला असं म्हणू नका. उंदरात हा तुकडा मुद्दाम काढला तर सीएलएलसारखा आजार होतो, पण उशिरा आणि सगळ्यांना नाही. शिवाय मिर-१६ची दुसरी प्रत ३ नंबरच्या क्रोमोसोमवरही आहे.
आणि गंमत बघा, त्याच १३व्या क्रोमोसोमवर जरा खाली १३क्यू३१ला मिर-१७-९२ म्हणून सहा मायक्रोआरएनएंचा गठ्ठा आहे तो बरोबर उलटा, काही लिम्फोमांमध्ये (लसीका पेशींचे कॅन्सर) त्याच्या प्रती वाढतात आणि तो कॅन्सरला जोर देतो, नावच ऑन्कोमिर-१. म्हणजे मायक्रोआरएनए चांगले का वाईट या प्रश्नाला उत्तर नाही, कोण कुठल्या पेशीत कोणाला दाबतोय ते बघायचं.

डबल_डोस:
भारी लिहिलंत. मग जे कमी झालंय ते बाहेरून इंजेक्शनने का देत नाहीत? सोपं वाटतंय.

पिपेटवाला:
@डबल_डोस वाटतं तसं. मिर-३४ हा पी५३ या कॅन्सर रोखणाऱ्या प्रोटीनच्या हुकमावर चालणारा ब्रेक, त्याची नक्कल चरबीच्या कणांत भरून एमआरएक्स३४ नावाने २०१३ला ट्रायल सुरू झाली, ८५ पेशंट, त्यात तिघांच्या गाठी बऱ्यापैकी आक्रसल्या, पण इम्यून सिस्टीम इतकी खवळली की चौघे गेले आणि २०१६ला बंद करावी लागली. उलट बाजूने, २०१०चा उंदरांवरचा प्रयोग आहे, मिर-२१ वाढवला की लिम्फोमा, बंद केला की थोड्याच दिवसांत गाठी गायब. उंदरात अख्ख्या शरीरात स्विच बसवता येतो, माणसात औषध नेमक्या पेशीपर्यंत न्यायचं कसं हीच तर मारामारी. लिव्हरपर्यंत पोचवायला आता जमतंय, कोलेस्टेरॉलचं इन्क्लिसिरान हे सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन छोट्या आरएनएचंच आहे. बाकी अवयवांचं अवघड आहे.

स्लाईड_आणि_चहा:
पॅथॉलॉजी लॅबमध्ये असते, त्या १८ हजारवाल्या पॅनेलबद्दल मी सांगते. २००८पासून रक्तातले मायक्रोआरएनए मोजायचा बराच गाजावाजा झाला कारण प्लाझ्मात ते टिकतात. अडचण साधी आहे. सुई नीट लागली नाही, सिरिंज जोरात ओढली, ट्यूब स्कूटरवरून हिंदकळत आली, की लाल पेशी फुटतात, प्लाझ्मा गुलाबी दिसतो, कधीकधी तर डोळ्याला कळतही नाही. आणि लाल पेशींत मिर-४५१ आणि मिर-१६ ठासून भरलेले! म्हणजे बाबांच्या सीएलएल पेशींत मिर-१६ कमी असला तरी प्लाझ्मात तो भरपूर दिसू शकतो, कशामुळे तर कलेक्शन करणाऱ्या पोराच्या घाईमुळे. कहर म्हणजे काही लॅब मिर-१६ हाच तुलनेसाठी स्थिर धरायच्या.
सगळंच फसवं आहे असं नाही, वृषणाच्या जर्म सेल ट्यूमरमध्ये मिर-३७१ची रक्ततपासणी खरंच चांगली निघालीय, त्यातला टेराटोमा हा प्रकार सोडून. पण सीएलएलचं लक्ष ठेवायला सीबीसी, गाठी आणि प्लीहा हाताने तपासणं, एवढंच लागतं. त्या लॅबवाल्याला विचारा, आकडा कमीजास्त आला तर डॉक्टरने काय बदलायचं? तो ब्रोशर पाठवेल बघा.

भटकी_मांजर:
सगळ्यांचे खूप आभार, लॅबवाल्याला ब्लॉक केलं. शेवटचा प्रश्न, हे डिलीशन मला आणि भावाला आलं असेल का? आईने तेच धरलंय.

पिपेटवाला:
ते बाबांच्या त्या बी पेशींत नंतर कधीतरी झालेलं आहे, जन्मापासून सगळ्या शरीरात नाही, त्यामुळे पुढच्या पिढीत जायचा प्रश्न नाही. सीएलएल असलेल्यांच्या सख्ख्या नात्यात धोका इतरांपेक्षा जास्त असतो हे खरं, पण त्यासाठी धडधाकट माणसाने फिश करून घेत नाहीत. मायक्रोआरएनएच्या यंत्रणेतलं आनुवंशिक असं उदाहरण हवं तर डायसर१ जीनचा बिघाड, त्यात लहान मुलांना फुफ्फुसाचा एक दुर्मिळ ट्यूमर होतो, तो वेगळाच विषय.

स्लाईड_आणि_चहा:
आणि पुढच्या वेळी ओपीडीत एकच विचारा, आयजीएचव्ही (बी पेशीतला अँटीबॉडीचा जीन) म्युटेशन तपासलंय का. म्युटेटेड आलं तर आजार संथ असतो, अनम्युटेटेड असेल तर लवकर औषध लागू शकतं. हे एकदाच करायचं असतं, परत परत नाही. टीपी५३चं (पी५३चा जीन) सीक्वेन्सिंग उपचार सुरू करायच्या आधी करतात, आत्ता घाई नाही. रिपोर्टची फाईल तारखेवार लावून न्या, डॉक्टरांचे पाच मिनिटं वाचतात.