मदत हवी आहे: पाळी गेल्यानंतरच्या वाफांसाठी हार्मोनची गोळी घ्यावी की जेल? (सांगली-मिरज)

माणदेशी

वहिनींसाठी विचारतेय, त्यांना विचारूनच. राहणार विटा. दाखवायला सांगली-मिरजेला जायची तयारी आहे.

वय 49. शेवटची पाळी येऊन 16 महिने झाले. पिशवी आणि दोन्ही अंडाशय आहेत. उंची 154 सेंमी, वजन 74 किलो. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन 5, त्यावर बीपी 134/86 च्या आसपास. थायरॉईडची गोळी 75 मायक्रोग्रॅम, टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) 3.1. साखर नाही.

दिवसात आठ-दहा वेळा छातीतून वर वाफ चढते, मान आणि तोंड लाल होतं, मग दरदरून घाम आणि पाठोपाठ थंडी. रात्री दोन-तीनदा त्यानेच जाग येते. शिवाय अधूनमधून लघवीला जळजळ, पण तपासणीत जंतू निघत नाहीत.

चिठ्ठीवर आहे: इस्ट्राडिओल व्हॅलरेट (इस्ट्रोजेन हार्मोनची गोळी) 2 मिग्रॅ रोज एक, आणि कॅल्शियम. सहा आठवड्यांनी बोलावलंय. गोळी अजून सुरू केलेली नाही.

1) बीपी आणि वजन बघता गोळी चालेल की जेल बरं?
2) सोबत प्रोजेस्टेरॉन लिहिलेलं नाही, ते लागतं का?
3) त्यांच्या मावशीला साठीनंतर स्तनाचा कॅन्सर झाला होता. म्हणजे हा विषयच बंद?
4) जळजळीचं काय?

"सहन करा, वर्षभरात जाईल" हा सल्ला घरातून मिळालेला आहे, तो कृपया पुन्हा नको.

कृष्णाकाठ

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण तेच सगळ्यात महत्त्वाचं. पिशवी असेल तर प्रोजेस्टेरॉन लागतंच. नुसतं इस्ट्रोजेन पिशवीचं अस्तर वाढवत राहतं. महिनोन्‌महिने तसंच चाललं तर अस्तर जाड होतं, पुढे त्यात कॅन्सरपर्यंत बदल होऊ शकतात. सहा आठवड्यांत आभाळ कोसळत नाही, आणि पुढच्या भेटीत जोडगोळी लिहायचा डॉक्टरांचा विचार असूही शकेल. पण सुरू करण्याआधी फोन करून स्पष्ट विचारा: "पिशवी आहे, तर प्रोजेस्टेरॉन कुठलं, किती, आणि कधीपासून?"

पद्धती दोन. पाळी नुकतीच अनियमित झालेली असेल तर इस्ट्रोजेन रोज आणि मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन 200 मिग्रॅ महिन्यातल्या 12 रात्री. यात महिन्याला रक्तस्राव होतो आणि तो अपेक्षितच असतो. पाळी जाऊन वर्ष उलटलं असेल, जसं वहिनींचं, तर 100 मिग्रॅ रोज रात्री, न थांबता. यात पाळी परत येत नाही. प्रोजेस्टेरॉनने गुंगी येते, म्हणून ते रात्रीच घ्यायचं. ज्यांची झोपच उडालीय त्यांना ही गुंगी बहुतेक वेळा पथ्यावरच पडते. कुणाला त्याने पोट फुगणं, चिडचिड जास्त होते. तेव्हा डायड्रोजेस्टेरॉन या त्याच जातीच्या औषधाचा पर्याय असतो, किंवा 52 मिग्रॅ लेव्होनॉरजेस्ट्रेलची हार्मोनवाली कॉपर-टीसारखी वस्तू पिशवीत बसवतात. ती अस्तर 5 वर्षं सांभाळते आणि मग वेगळं फक्त इस्ट्रोजेनचं बघावं लागतं.

पिशवी काढलेली असेल तर साधारणपणे नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. हे इतर वाचणाऱ्यांसाठी, कारण आपल्या भागात चाळिशीच्या आत पिशवी काढलेल्या बायका भरपूर आहेत. त्यांनी ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड शोधून अंडाशय ठेवलेत की काढलेत ते आधी बघावं. 45 च्या आत दोन्ही काढले असतील तर वाफा येवोत न येवोत, हाडं आणि हृदयासाठी निदान पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन द्यायचा सल्ला दिला जातो, अर्थात काही मनाई नसेल तर. हे बहुतेकींना कुणी सांगितलेलंच नसतं.

आता गोळी की जेल. वहिनींचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 31 च्या पुढे जातो, वर बीपी. अशा वेळी कातडीतून जाणारं इस्ट्रोजेन उजवं. गोळी पोटातून आधी यकृतात जाते, तिथे रक्त गोठवणारे घटक वाढतात आणि पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. मूळ धोका कमी असतो, पण वजन जास्त असलं की तो आधीच वाढलेला असतो. नेहमीच्या डोसच्या जेलने हा धोका वाढल्याचं दिसलेलं नाही. गोळीच घ्यायची ठरली तर सुरुवातीलाच 2 मिग्रॅ कशाला, हेही विचारा. 1 पासून सुरू करून वाढवता येतं.

थायरॉईडची गोळी चालू असणाऱ्यांसाठी आणखी एक. तोंडाने घेतलेल्या इस्ट्रोजेनमुळे थायरॉईड हार्मोनला बांधून ठेवणारं प्रथिन वाढतं, आणि 75 मायक्रोग्रॅम अपुरं पडू शकतं. मग थकवा, वजन वाढणं सुरू होतं आणि दोष मात्र हार्मोनच्या गोळीला जातो. गोळी सुरू केली तर 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच परत करा. जेलने हा घोळ सहसा होत नाही.

औषधवाला

जेलबद्दल दुकानाच्या बाजूने.

विट्यात तयार मिळेलच असं नाही. सांगलीत मोठ्या मेडिकलमध्येही बऱ्याचदा स्टॉकिस्टकडून मागवून द्यावं लागतं, म्हणून नळी संपायच्या आठवडाभर आधी सांगून ठेवा. चिठ्ठीवर "इस्ट्राडिओल जेल, रोज लावणे" एवढंच नको. टक्केवारी आणि ग्रॅम दोन्ही हवेत. 0.06 टक्क्याच्या जेलमध्ये अडीच ग्रॅमला दीड मिलिग्रॅम औषध असतं. 0.1 टक्क्याच्या जेलमध्ये एका ग्रॅमला एक मिलिग्रॅम. नुसतं "एक ग्रॅम" लिहिलं आणि ब्रँड बदलला, की डोसही बदलला.

लावायचं असं: अंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करून, मांडीच्या किंवा दंडाच्या बाहेरच्या बाजूला, दोन तळव्यांएवढ्या जागेवर पातळ पसरायचं. चोळत बसायचं नाही. स्तनांवर कधीच लावायचं नाही. पाच मिनिटं वाळू द्यायचं, मग कपडे. हात साबणाने धुवायचे. त्या जागी तासभर तरी पाणी, तेल, क्रीम काही नको. जेलमध्ये स्पिरिट असतं, तेव्हा वाळेपर्यंत गॅस, समई, उदबत्ती यांच्याजवळ जायचं नाही. सकाळी देवपूजा करणाऱ्या बाईला हे आवर्जून सांगावं लागतं. घरात लहान मूल असेल तर जेल लावलेल्या उघड्या कातडीला ते घासू देऊ नका, औषध त्याच्या अंगात जातं.

"जेलचा गुण येत नाही" म्हणणाऱ्यांना मी एकच विचारतो, नळी किती दिवस पुरली? 80 ग्रॅमची नळी रोज अडीच ग्रॅमने 32 दिवसांत संपायला हवी. दोन महिने पुरली असेल तर निम्माच डोस जातोय. महाग आहे म्हणून पुरवून पुरवून वापरतात, आणि मग औषधालाच नावं ठेवतात.

प्रोजेस्टेरॉनची गंमत वेगळीच. हेच औषध गर्भ टिकवायला देतात, त्यामुळे आतला कागद वाचून घरचे चक्रावतात आणि दुकानातला नवा पोरगा "कितवा महिना?" विचारून मोकळा होतो. घाबरू नका. पण 100 ची मऊ कॅप्सूल लिहिली असताना "तेच आहे" म्हणून 200 किंवा 300 ची हळूहळू विरघळणारी गोळी घेऊ नका. बदल करायचा तर डॉक्टरांना विचारून. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर कॅप्सूलचे घटक वाचा, काहींमध्ये शेंगतेल असतं.

चकली

एवढ्या हार्मोनच्या भानगडीत पडण्यापेक्षा सोयाबीन, शतावरी, प्रिमरोझ तेल करून बघावं की. साइड इफेक्ट तरी नाहीत.

निशिगंध

चकलीताई, सोयाबीन खायला काहीच हरकत नाही, पण रोज आठ-दहा वाफा येणाऱ्या बाईला त्याने मिळाला तर थोडाच फरक मिळतो. प्रिमरोझ तेल वाफांसाठी खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलेलं नाही. ब्लॅक कोहोश या वनस्पतीच्या गोळ्यांनी क्वचित का होईना, यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. "हार्मोन बॅलन्स" नावाच्या निनावी पुड्या तर नकोच, आत काय आहे ते डबीवर नसतं.

हार्मोन ज्यांना चालतच नाहीत, त्यांच्यासाठीही डॉक्टरांकडे औषधं आहेत. व्हेनलाफॅक्सिन कमी डोसमध्ये. रात्रीचा घाम जास्त असेल तर झोपताना गाबापेंटिन 300. पॅरॉक्सेटिनही चालतं, पण टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरचं औषध) चालू असणाऱ्यांनी ते घेऊ नये, टॅमॉक्सिफेनचा असर कमी होतो.

माणदेशी, तिसरा प्रश्न. मावशीला साठीनंतर झालेला कॅन्सर म्हणजे मनाई नाही. आई, बहीण, किंवा घरात कमी वयात स्तनाचा-अंडाशयाचा कॅन्सर झालेल्या अनेकजणी असं असेल तर हिशेब बदलतो. खरी मनाई अशी: स्वतःला स्तनाचा किंवा इस्ट्रोजेनवर वाढणारा कॅन्सर झालेला असणं, कारण न कळलेला रक्तस्राव, यकृताचा चालू आजार, हार्ट अटॅक किंवा लकवा येऊन गेलेला असणं. पूर्वी गुठळी झाली असेल तर गोळी नाहीच, जेलचाही निर्णय तज्ज्ञांनी घ्यायचा. बीपी अनियंत्रित असेल तर आधी ते आवाक्यात आणायचं. वहिनींचं 134/86 आवाक्यात आहे.

कॅन्सरची भीती आली 2002 मधल्या अमेरिकेच्या डब्ल्यूएचआय (विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह) अभ्यासातून. त्यात 16,608 बायका होत्या आणि सरासरी वय 63, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन कैक वर्षं झालेली. औषध होतं कॉन्ज्युगेटेड इस्ट्रोजेन 0.625 मिग्रॅ आणि मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम हार्मोन) 2.5 मिग्रॅची एकत्र गोळी. स्तनाचा कॅन्सर दर 10,000 बायकांमागे वर्षाला 30 ऐवजी 38 जणींना झाला. म्हणजे 8 जास्त. वाढ खरी आहे, ती लपवू नये, पण ती एवढी आहे. पिशवी काढलेल्या ज्या बायका नुसतं इस्ट्रोजेन घेत होत्या त्यांच्यात ती वाढ दिसलीच नाही. त्यानंतर मत स्थिरावलं ते असं: वय 60 च्या आत किंवा पाळी जाऊन 10 वर्षांच्या आत सुरुवात केली आणि मनाई काही नसेल, तर त्रास असणाऱ्या बाईला फायद्याचं पारडं जड. वहिनी दोन्ही अटींत बसतात.

सुरू करण्यापूर्वी करायचं: बीपी, वजन, स्तनांची तपासणी आणि मॅमोग्राफी, खालून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी, यकृताच्या तपासण्या, लिपिड, साखर, आणि राहिली असेल तर पॅप (गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी). पाळी गेली का हे बघणाऱ्या एफएसएच या हार्मोनच्या तपासणीवर पैसे घालवू नका. 49 वय, 16 महिने पाळी नाही, वाफा येतात. निदान झालेलंच आहे.

माणदेशी

सगळ्यांचे मनापासून आभार. दवाखान्यात फोन केला. प्रोजेस्टेरॉन लिहून देणार आहेत आणि जेलबद्दल भेटीत बोलू म्हणाले. दुसरं मत घ्यायचंच झालं तर कुठे? आणि चौथा प्रश्न राहिला.

कृष्णाकाठ

जळजळ आणि कोरडेपणा हा वेगळा धागा होईल, इतक्या बायका लघवीच्या जंतूंचे अँटिबायोटिकचे कोर्स विनाकारण करतात. इस्ट्रोजेन गेल्यावर योनीची आणि मूत्रमार्गाच्या तोंडाची कातडी पातळ होते, आम्लता जाते. लघवीच्या कल्चरमध्ये (जंतूंच्या तपासणीत) जंतू नाहीत आणि तरी जळजळ आहे म्हटल्यावर हेच डोक्यात यायला हवं. इलाज म्हणजे एस्ट्रिऑल या इस्ट्रोजेनचं 0.1 टक्क्याचं क्रीम. साधारण पद्धत अशी, अर्धा ग्रॅम रोज रात्री दोन आठवडे, मग आठवड्यातून दोनदा. नळीबरोबर मिळणाऱ्या पिचकारीने आत सोडायचं, थोडं बोटाने बाहेर मूत्रमार्गाच्या तोंडाशी लावायचं. पिचकारी कोमट पाण्याने धुवायची. एवढ्या डोसने रक्तात फार काही जात नाही, म्हणून नुसत्या क्रीमसाठी प्रोजेस्टेरॉन लागत नाही. बरं वाटलं की बंद करतात आणि काही आठवड्यांत सगळं परत येतं. हे चालूच ठेवायचं असतं. जेल किंवा गोळी घेऊनही हा त्रास काहींना उरतो, तेव्हा दोन्ही एकत्र चालतात.

दुसऱ्या मतासाठी मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, किंवा सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात स्त्रीरोग विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. विट्याहून कराडही जवळ पडतं. खासगी डॉक्टरांची नावं इथे नकोत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. जाताना औषधांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, "बीपीची पांढरी गोळी" सांगून भागत नाही.

माणदेशी

गुण किती दिवसांत कळावा? आणि मध्ये डाग लागला तर?

निशिगंध

वाफा दोन ते चार आठवड्यांत कमी व्हायला लागतात, पूर्ण अंदाज तीन महिन्यांनी. पंधरा दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडणाऱ्या आणि दर आठवड्याला डोस बदलून मागणाऱ्या, दोघींचंही नुकसान होतं. कॅलेंडरवर रोजच्या वाफांचा आकडा लिहा, डॉक्टरांना "जरा बरं आहे" पेक्षा तो आकडा उपयोगी पडतो. स्तन दुखणं, मळमळ सुरुवातीला होते, बहुधा ओसरते.

रोजच्या पद्धतीत पहिले तीन महिने, कधी सहापर्यंत, थोडे डाग लागू शकतात. जास्त वेळा लागतात ते प्रोजेस्टेरॉनच्या रात्री चुकल्याने, म्हणून चुकलेल्या रात्रीही कॅलेंडरवर मांडा. पण पाळीसारखं अंगावरून गेलं, सहा महिन्यांनंतरही डाग थांबले नाहीत, किंवा बंद होऊन परत सुरू झाले, तर सोनोग्राफी आणि गरज पडल्यास अस्तराचा तुकडा तपासणं टाळायचं नाही. एका पायाला सूज आणि पोटरीत दुखणं, अचानक धाप, छातीत दुखणं, बोलताना अडखळणं यांपैकी काहीही झालं तर औषध बंद करून त्याच दिवशी दवाखाना. पुढच्या भेटीची वाट बघायची नाही.

किती वर्षं घ्यायचं याची पक्की मुदत नाही. वर्षातून एकदा बीपी, स्तन, वजन बघून चालू ठेवायचं की कमी करायचं ते ठरवतात. थांबवताना डोस हळूहळू उतरवला तर वाफा एकदम उसळत नाहीत.

औषधवाला

जेल उन्हाळ्यात फ्रीजमध्ये ठेवायचं का, असं व्यनित दोघींनी विचारलंय. गरज नाही. 30 अंशांच्या आत राहील अशी सावलीची जागा बघा. स्वयंपाकघरातलं फडताळ आणि खिडकीची कड नको. एप्रिल-मेमध्ये सांगलीहून विट्याला नेताना गाडीच्या डिकीत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा.