चीनने दक्षिण कोरियावर एवढा राग का काढला होता?

प्रश्न: थाड (दक्षिण कोरियात बसवलेली अमेरिकेची मिसाईलविरोधी यंत्रणा) प्रकरण नेमकं काय होतं? मिसाईल तर उत्तर कोरियाची, मग चीनला का झोंबलं?

भटक्या: अरे मिसाईलचं दुखणं नव्हतंच, थाडचा रडार आपल्या हद्दीत आतपर्यंत डोकावेल असं चीनचं म्हणणं. २०१६ मध्ये निर्णय झाला आणि लोट्टे या कोरियन कंपनीने दक्षिण कोरियातल्या सोंगजूचं आपलं गोल्फ कोर्स त्यासाठी दिलं, मग काय, चीनमधल्या त्यांच्या लोट्टे मार्ट सुपरमार्केटांमध्ये अचानक फायर सेफ्टीच्या चुका सापडायला लागल्या अन् दुकानांना धडाधड टाळं, मार्च २०१७ पासून चीनमधून कोरियाला जाणाऱ्या ग्रुप टूरपण बंद. चिनी टूरिस्ट ८० लाखांवरून ४२ लाखांच्या आसपास आले. कागदावर मात्र बंदी कुठेच नाही!

कोकणी_मिरची: आणि गंमत म्हणजे दोन्ही देशांतला मुक्त व्यापार करार डिसेंबर २०१५ लाच लागू झालेला, वर्षभरात ही तऱ्हा

भटक्या: हो ना. पण कोरियाच्या कॉम्प्युटर चिप्सना चीनने हात लावला नाही हां, त्या चीनलाच हव्या होत्या. सॅमसंगचा चीनमधला शिआनचा चिप कारखाना चालूच राहिला.

प्रश्नकर्ता: म्हणजे शेवटी लोट्टेच भरडली गेली

कोकणी_मिरची: २०१८ मध्ये सुपरमार्केटं विकून निघाले बिचारे