प्रतिसाद: आवाज आणि कागद, दोन्ही जपावेत

वर एका सदस्यांनी आजी-आजोबांच्या आठवणी मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात असे सुचवले आहे, ते योग्यच आहे. मात्र मराठवाड्यातील घरांच्या बाबतीत त्या आठवणींना कागदांची जोड दिल्याशिवाय वंशावळ तीन पिढ्यांपलीकडे सहसा सरकत नाही. आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्यामुळे जुने महसुली दप्तर बरेचसे उर्दूत असून त्यावर फसली सन (महसुली हिशेबासाठी वापरली जाणारी कालगणना) घातलेला आढळतो. त्यात ५९० मिळवले की इसवी सन साधारणपणे हाती येतो, म्हणजे फसली १३५० हे १९४०-४१ होय. उर्दू वाचणारे जाणते लोक गावोगावी अजून आहेत. त्यांच्याकडून नावे वाचून घेण्याचे काम लांबणीवर टाकू नये.

दुसरा आधार तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे तीर्थक्षेत्री येणाऱ्या यात्रेकरूंच्या नोंदी ठेवणाऱ्या पुरोहितांच्या, वह्यांचा. त्र्यंबकेश्वर किंवा नाशिकला मूळ गाव आणि आडनाव सांगितले की संबंधित उपाध्याय वही काढतात, आणि पूर्वी येऊन गेलेल्या आप्तांची नावे, क्वचित त्यांची स्वतःची सहीदेखील पाहायला मिळते. महसुली दप्तर आणि या वह्या, दोन्हींत बायकांची नावे मात्र फार कमी सापडतात (वारसाहक्काच्या कागदांत त्यांना कोण विचारत होते!), म्हणून आजीला बोलते कराल तेव्हा तिचे माहेर, तिच्या आईचे माहेर आणि लग्नाआधीचे नाव आधी विचारावे.