मदत हवी आहे: कात्रणांची जुनी पाकिटं मोडावीत की तशीच ठेवावीत?

नमस्कार मंडळी,

माझे सासरे (घरात सगळेच त्यांना आप्पा म्हणायचे) पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते. मुक्काम कराड, आणि नोकरीचा बराच काळ कोयनेच्या कामावर. कराडचं घर विकायला काढल्यामुळे त्यांची कात्रणांची पत्र्याची ट्रंक आता पुण्यात माझ्याकडे आली आहे. धरणाचं बांधकाम, पोफळीचं वीजघर, ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप, धरणग्रस्तांची आंदोलनं, थेट १९९९ च्या लेक टॅपिंगपर्यंत (जलाशयाला पाण्याखालून, बोगद्यातून भोक पाडून पाणी घेणं) सगळं आहे.

कात्रणं लग्नपत्रिकांच्या पाकिटांत भरलेली आहेत. वर निळ्या शाईत विषय: 'धरण', 'भूकंप', 'पुनर्वसन', 'वीज'. आणि एका जाडजूड पाकिटावर नुसतंच 'तपासणे'. मला वाटलं, यात उरलंसुरलं कोंबलं असेल. तसं नाहीये. भूकंपानंतरच्या दिवसांतल्या बातम्या आहेत त्यात. मृतांचे एकमेकांशी न जुळणारे आकडे लाल पेन्सिलीने अधोरेखित केलेत. धरणाला किती इजा झाली याबद्दलची उलटसुलट विधानं एकत्र टाचली आहेत. एका कात्रणाच्या समासात लिहिलंय, 'हे कोणी मोजले?'

घोडं इथेच अडलंय. आमच्या ह्यांचं म्हणणं, पाकिटं रिकामी कर, सगळं तारखेनुसार फायलींत लाव, म्हणजे १९६७ चं एका जागी सापडेल. सोयीचं आहे, नाही म्हणत नाही. पण मग 'तपासणे' हे पाकीटच उरणार नाही. कुठली बातमी आप्पांना पटली नव्हती, हे आज केवळ त्या पाकिटामुळे कळतंय. भूकंपाच्या बातम्या काय, ग्रंथालयातल्या जुन्या अंकांतही मिळतील.

दुसरी कटकट तारखांची. 'म.टा. १४/१२' एवढंच लिहिलेलं, साल नाही. 'त.भा.' म्हणजे पुण्याचा तरुण भारत की बेळगावचा, कोण जाणे. काहींवर तर अक्षरही नाही.

शिवाय कागद तपकिरी पडलाय, घड्यांवर तुटतोय. टाचण्या गंजल्या आहेत. शेजारच्या काकू म्हणतात लॅमिनेशन करून टाक.

नोंदीसाठी एक्सेलमध्ये वर्तमानपत्र, तारीख, मथळा आणि विषय असे रकाने केले आहेत. आणखी काय हवं? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

पाकिटं अजिबात मोडू नका. संग्रह ज्याने केला त्याने लावलेला क्रम जपायचा, हा अभिलेखागारांतला जुना नियम आहे, आणि तुमचं 'तपासणे' हे त्याचं उत्तम उदाहरण. तारखेचा क्रम एक्सेलला लावू द्या, ते एका क्लिकचं काम आहे. प्रत्येक कात्रणाला पाकिटासकट क्रमांक द्या: तपासणे/१, तपासणे/२. क्रमांक कात्रणावर नको, त्याच्या कोऱ्या वेष्टनावर मऊ पेन्सिलीने लिहा.

रकाने वाढवा: आवृत्ती, पान, लेखक किंवा बातमीदार, समासातली टिपणं (आप्पांच्याच शब्दांत, जशीच्या तशी) आणि मागच्या बाजूला काय आहे. मथळा छापलाय तसाच उतरवा. आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे सुधारू नका.

तारखेचं गुपित बहुतेक वेळा मागच्या बाजूलाच असतं. जाहिरातीत 'नये पैसे' दिसले तर १९५७ ते १९६४ चा काळ धरा. पत्त्यात पिन कोड असेल तर कात्रण १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. 'नांव', 'कांहीं' असे जुने अनुस्वार सर्रास असतील तर १९६२ च्या नियमांआधीचं असण्याची शक्यता जास्त, पण जुनी सवय लगेच सुटत नाही, म्हणून एवढ्यावर विसंबू नका. म.टा. १९६२ साली निघाला, त्यामुळे त्याआधीचं कात्रण त्यातलं असूच शकत नाही. नशिबाने वार आणि तिथी दोन्ही मिळाले तर जुन्या पंचांगावरून सालही काढता येतं. भूकंप सोमवारी पहाटे झाला, तेव्हा सकाळच्या दैनिकांत बातमी मंगळवारच्या, १२ तारखेच्या अंकात शोधा. तर्काने काढलेलं साल मात्र चौकटी कंसात घाला: [१९६७?]. नाहीतर दहा वर्षांनी तुमचा अंदाज आणि आप्पांची नोंद यांत फरक कळणार नाही.

प्रतिसाद २

लॅमिनेशन नकोच! ते परत काढता येत नाही आणि कागदातलं आम्ल आतच राहतं. टाचण्या ओढू नका, आधी टोकं सरळ करा आणि मग हळूच सोडवा. सेलोटेप असेल तर जबरदस्ती करू नका. आम्लरहित कागदाची घडी करून त्यात एकेक कात्रण ठेवा, आणि जुनं पाकीटही सोबत जपा, अक्षर त्याच्यावर आहे. ट्रंक पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. स्कॅन निदान ३०० डीपीआयने, रंगीत, दोन्ही बाजूंचं. कृष्णधवल केलंत तर लाल पेन्सिल आणि छापील अक्षर सारखंच काळं दिसेल. यादी नेटवर टाकायला हरकत नाही, पण कात्रणांची चित्रं टाकण्याआधी प्रताधिकार बघा. आपल्याकडे तो लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं असतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ह्यांना प्रतिसाद वाचून दाखवले. पाकिटं राहणार, एक्सेल त्यांच्याकडे दिलंय. एकच शंका उरली: 'पुनर्वसन' पाकिटातल्या एका कात्रणाच्या पुढे जमीनवाटपाची बातमी आहे आणि मागे वीजदरांची, दोन्ही अर्धवट नाहीत. आप्पांनी नेमकी कुठल्या बाजूसाठी कापली असेल?

प्रतिसाद १

कडा बघा. ज्या बातमीच्या चारही बाजूंनी कात्री सारखं अंतर ठेवून गेली आहे, ती त्यांची. दुसऱ्या बाजूला कुठेतरी शेजारच्या मजकुराचं एखादं अक्षर तरी कापलेलं सापडेल. तरी नाहीच ठरलं तर दोन्ही मथळे नोंदवा. क्रमांक पुनर्वसनाचाच राहू द्या, कारण पाकीट त्यांनी निवडलं होतं.